इंजिनाचे फेरे

"बाबा, फेरे कमी कसे करायचे?"

केवलनाथबाबा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. मठात येणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतातच. त्यांनी डोळे न उघडता नेहमीचं उत्तर दिलं.

"नाम घे."

"जन्ममरणाचे नाही हो. इंजिनाचे."

बाबांनी एक डोळा उघडला.

समोर विश्राम उभा होता. हात कोपरापर्यंत काळे. त्याच्या मागे चिंचेखाली मठाची जुनी डिझेल जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. चारही चाकं काढून झाडाला टेकवलेली. शेजारी गोणपाटावर क्राउन-पिनियनच्या, म्हणजे आसांमधल्या दातेरी चाकांच्या, दोन नव्या जोड्या तेलाने चकाकत होत्या.

विश्राम बाबांचा शिष्य. मठाचा ड्रायव्हर तोच, मेकॅनिकही तोच. या जीपचा एकही नट असा नाही जो आपल्या हाताखालून गेला नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. आणि ते खरं होतं.

"विचारायला आलास," बाबा म्हणाले, "आणि चाकं आधीच काढलीस?"

"विचारलं कुठे? कोडं घातलं तुम्हाला. उत्तर मला माहीत आहे."

"सांग मग."

विश्राम ओट्यासमोर उकिडवा बसला.

"हायवेला लागलं की ही किंचाळायला लागते. चौथ्याच्या पुढे गिअरच नाही. चाक जरा फिरवायचं तर इंजिनाने नुसतं गरगरायचं. ट्रक पुढे जातात, टेम्पो पुढे जातात. टोलनाक्यावरचा पोरगा विचारतो, काका, आत गिरणी चालू आहे का, दळण टाकू? शेजारच्याशी बोललेलं ऐकू येत नाही."

"शेजारी कोण असतं?"

विश्रामने ते ऐकून सोडून दिलं.

"या जोड्या बसवल्या, एक पुढे, एक मागे, की त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल. आवाज कमी होईल. डिझेल वाचेल. इंजिन जास्त टिकेल."

"आणि घाट?"

"घाटात थोडी दमेल."

"वाडीचा चढ?"

मठाच्या वर कातळवाडी होती. तिथला रस्ता म्हणजे दगड, आणि दगड नसेल तिथे चिखल. आजारी माणूस खाली आणायचा, धान्याची पोती वर न्यायची, तर तिथवर चढणारी ही एकच गाडी.

विश्रामने फडक्याला हात पुसले. ते काळेच राहिले.

"चढासाठी वेगळा लो गिअर असतो, त्याचे दात कधीचे गेलेत. आत्ता जुन्या जोड्यांच्या जोरावर चढते; नव्या बसवल्या की भरलेली नाही चढणार. रिकामी चढेल."

"रिकामी वर जाऊन काय करेल?"

...

"बाबा, तुम्हाला गाडीतलं कळत नाही."

"नाही कळत."

"मग एवढं माझ्यावर सोडा."

बाबा ओट्यावरून उतरले. मठामागे डोंगरात देऊळ होतं. तिथवर उंच, ओबडधोबड पायऱ्या. ते त्या पायऱ्यांपाशी जाऊन थांबले.

"तू या दोन-दोन चढतोस."

"रोज."

"पावलं कमी पडतात."

"निम्मी." आणि विश्राम हसला. बोलणं कुठे निघालंय ते त्याच्या लक्षात आलं होतं. "मला पायऱ्यांवरून शिकवू नका बाबा. एवढं तरी कळतं मला."

"वाक."

"काय?"

"पाठीवर घे मला."

"कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

"नाही घेतलंस तर म्हणेल, विश्राम घाबरला."

विश्राम वाकला. बाबांनी त्याच्या गळ्यात हात टाकले. वाळलेल्या काटकीसारखा म्हातारा, त्याचं वजन ते काय.

"दोन-दोन," बाबा त्याच्या कानाशी म्हणाले.

"दोन-दोनच."

सुरुवातीला तो झपाझप चढला. मग झपाझप गेलं, नुसतं चढणं उरलं. मग दर पावलाला हात गुडघ्यावर टेकायला लागला.

"एकेक घे."

"नाही."

"हट्ट आहे?"

"आहे."

"मी उतरतो."

"उतरायचं नाही. गप्प बसा."

बाबांना 'गप्प बसा' असं मठात आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

बाबा गप्प बसले.

देवळाचा कळस दिसायला लागला तिथे विश्रामचा एक पाय वरच्या पायरीवर पडला आणि दुसरा उचलेना. वर जाता येईना. खाली यायला मन घेईना. मांड्या थरथरत होत्या. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पाठीवर बाबांचा श्वास मात्र संथ चालला होता.

"विश्राम..."

"मला परत घाट चढून मठात यायचं नाही, बाबा."

पाठीवरचं वजन हललं नाही.

"शहरातल्या एका मठात ठेवून घेतायत मला. गाडीसकट. रस्ते सपाट आहेत. संध्याकाळी बोलायला माणसं आहेत... ही एकदा खाली गेली आणि भरलेली चढेनाशी झाली, की झालं. कोणाला काही सांगावं लागलं नसतं. गाडीच चढत नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

बाबा हळूच खाली उतरले आणि तिथेच पायरीवर टेकले. विश्राम उभाच राहिला. 

"अपरात्री वाडीतून हाक आली की मीच. पावसात मीच. कोणी दगावलं तर त्याच्या आईसमोर उभा राहणारा मीच. इतकी वर्षं पहिल्या गिअरमध्ये काढली मी, बाबा."

"काढलीस."

"मग जाऊ?"

"नाही."

"का नाही?"

"मला तू इथे हवा आहेस."

विश्राम बघत राहिला. सेवेचं बोलतील, वाडीचं बोलतील, मागच्या-पुढच्या जन्मांचं बोलतील, त्या सगळ्याची उत्तरं त्याने घाट चढता-उतरता तयार करून ठेवली होती. त्याने मान वळवून खाली पाहिलं.

...

खाली चिंचेखाली जीप दिसत होती. चाकांविना, ठोकळ्यांवर उभी.

"तुम्ही नाही म्हणालात," विश्राम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तरी मी जाणार."

"जा."

"रागावून म्हणताय."

"हो. रागावून म्हणतोय. तरी जा."

"मी खरंच जाणार, बाबा. तुमच्या तोंडावर सांगतोय."

बाबांनी मान वर केली. 

"मग तू जा की. गाडीला वाडीचा चढ विसरायला कशाला लावतोस?"