पहिल्या नंबराची सुरळी

"सिद्ध कर, नाहीतर आजपासून लेखणीला हात लावायचा नाही!" सोनवडीचे उदाजीराजे गरजले आणि भरदरबारात सगळ्यांच्या माना म्हाळसाकडे वळल्या.

म्हाळसा परटाची लेक. गावाच्या धुण्याच्या याद्या लिहून लिहून पोरीचं अक्षर घोटलं गेलं, आणि मग त्याच याद्यांच्या पाठीवर ती गोष्टी लिहायला लागली. राजे दरसाल लेखनस्पर्धा भरवत. पहिल्या नंबराला वर्षभर राजवाड्याच्या ग्रंथशाळेत बसून वाचायची-लिहायची मुभा. म्हाळसाचा सगळा जीव त्या जागेवर. तीन वर्षं तिनं कागदाची सुरळी करून, वर दोरा बांधून गोष्ट पाठवली आणि तिन्ही वर्षं एकच शेरा आला, 'भाषा बरी. विचारांत खोली कमी. प्रयत्न सोडू नये.' शेजारच्या कुंभाराला तोच शेरा, देवळातल्या गुरवाला तोच, वेशीवरच्या हवालदारालाही तोच. आख्ख्या गावाची खोली एकाच मापानं कमी भरली, आहे की नाही कमाल?

परीक्षक होते राजकवी दिगंबरशास्त्री. नियमही त्यांचेच. रचना परत मिळणार नाही, चौकशी केलेली चालणार नाही, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. आता हा अंतिम निर्णय दरसाल त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या, मुकुंदाच्या पदरात पडायचा, त्याला कोण काय करणार? मुकुंदा मामाच्याच घरी राहायचा. ग्रंथशाळेतली ती जागा त्यानं तीन वर्षं इमानानं वापरली, दुपारच्या झोपेसाठी.

यंदाही मुकुंदाचंच नाव पुकारलं गेलं. त्याची रचना वाचताना आपले डोळे तीनदा पाणावले, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हाळसा म्हणाली, "महाराज, शास्त्रीबुवा सुरळीचा दोराच सोडत नाहीत. वाचणं लांबच राहिलं."

झालं! आपण नेमलेल्या माणसावर परटाची पोर बोलते म्हटल्यावर राजांचं डोकं फिरलं. पण ते पडले हट्टी, नुसतं हाकलून देऊन त्यांचं समाधान कुठलं व्हायला. त्यांनी अटच घातली. दरबार उठायच्या आत आरोप सिद्ध करायचा. साक्षीदार आणायचा नाही, शास्त्रीबुवांच्या दप्तराला हात लावायचा नाही, आणि गुन्हा शास्त्रीबुवांच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडला पाहिजे. नाही जमलं तर म्हाळसाची लेखणी कायमची बंद.

मानकरी मिशीत हसले. म्हाळसाच्या बापानं तर तिथंच डोक्याला हात लावला. पोरगी मात्र म्हणाली, "एवढंच ना? मग शास्त्रीबुवांनी पहिल्या नंबराची रचना मोठ्यानं वाचून दाखवावी."

शास्त्रीबुवांना हा आपला गौरवच वाटला. त्यांनी मुकुंदाची सुरळी मागवली, दोरा सोडला, घसा खाकरला आणि सूर लावला, "धोतरं चार. पैकी एकावर पानाची पिंक."

शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. पण राजकवीच तो, असा हार मानतोय होय! एका श्वासात सावरून ते म्हणाले, "महाराज, ही अगदी नवी शैली आहे. चार धोतरं म्हणजे मनुष्याच्या चार अवस्था. आणि पिंक म्हणजे तारुण्यातला मोह."

"वा!" एक मानकरी म्हणाला. लगेच दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यानं तर डोळ्याला उपरणं लावलं. त्यातल्या एकालाही काही कळलं असेल तर शपथ.

"खरंच खोल आहे," म्हाळसा म्हणाली. "पुढची ओळ वाचा ना, शास्त्रीबुवा."

पुढची ओळ बघून शास्त्रीबुवा सुरळी गुंडाळायलाच लागले. राजांनी दरडावल्यावर त्यांनी कसंबसं वाचलं, "शास्त्रीबुवांचे लंगोट तीन. एकाला मागून ठिगळ."

राजे पुढे वाकले. "आणि हे ठिगळ म्हणजे मनुष्याची कोणती अवस्था?"

शास्त्रीबुवांनी सुरळीच्या आड तोंड लपवलं. मग म्हाळसानंच सगळं सांगितलं. सुरळ्या द्यायच्या शेवटच्या दिवशी ती शास्त्रीबुवांच्या घरी धुणं न्यायला गेली, तेव्हा मुकुंदराव लोळत पडले होते. पडल्या पडल्याच म्हणाले, म्हाळसे, तू वाड्यावर चाललीच आहेस तर माझीही सुरळी देऊन टाक. आत काहीही घाल, वर नाव तेवढं ठळक लिही. तिच्या हातात त्यांच्याच घरच्या धुण्याची यादी होती. तिनं ती घातली आणि नाव ठळक लिहिलं.

"खरं का हे?" राजांनी मुकुंदाला विचारलं.

मुकुंदा खाली मान घालून म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तिचं."

राजे खो खो हसले. शास्त्रीबुवांना हुकूम झाला, यंदाच्या चारशे बारा सुरळ्या उभ्यानं वाचायच्या आणि प्रत्येकीवर वेगळा शेरा लिहायचा. मग राजे ऐटीत म्हणाले, "पोरी, पहिला नंबर तुझा. ग्रंथशाळेतली जागाही तुझी."

बापानं घाईघाईनं हात जोडले. म्हाळसा मात्र जागची हलली नाही. तिनं विचारलं, "महाराज, माझी गोष्ट न वाचताच?"

राजांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना असं काही हसू फुटलं की पागोटं सरकून कानावर आलं. त्यांनी ढिगाच्या तळातून म्हाळसाची सुरळी काढायला लावली. परटाची पक्की गाठ जशीच्या तशी होती. ती राजांना काही सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. मग सगळ्या दरबाराला ताटकळत ठेवून त्यांनी गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मध्ये दोनदा हसले, एकदा गप्प झाले, आणि ग्रंथशाळेची किल्ली स्वतःच्या हातानं तिच्या ओंजळीत ठेवली.