दोन पोत्यांची दक्षिणा

देवखडीचे जहागीरदार भुजंगराव यांना दिवाणखाना ओलांडतानाही धाप लागे. एके सकाळी रंभाजी वस्ताद दरबारात आले आणि दंड थोपटून म्हणाले, "सहा महिन्यांत सरकारांचा भीमसेन करतो. दक्षिणा दोन पोती रुपये."

भुजंगराव हरखून गेले. त्यांच्या पत्नी उमाबाईसाहेब मात्र काळजीत पडल्या. तिजोरीत दोनच पोती होती, आणि मारुतीच्या डोंगरावर तहानेल्या भाविकांसाठी पाण्याचे टाके बांधायला त्यांनी ती जपून ठेवली होती.

"बाईसाहेबांना आमच्या विद्येचा संशय दिसतो," वस्ताद मिशीत हसले.

"छे हो वस्ताद, दोन पोती कबूल," उमाबाईसाहेब म्हणाल्या. "फक्त या घराण्याची रीत तेवढी पाळू. इथे गुरुदक्षिणा नोकराहाती धाडत नाहीत. विद्या पुरी झाली की शिष्य ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन एकाच खेपेत डोंगर चढतो आणि मारुतीरायासमोर गुरुचरणी ठेवतो."

"रीत खरीच," भुजंगराव अभिमानाने म्हणाले. "आम्ही दोन्ही पोती आणू."

वस्तादांची नजर सरकारांच्या लोण्यासारख्या दंडांवर खिळली, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"बाईसाहेब, दक्षिणेत पैशापेक्षा भाव मोठा," ते अखेर म्हणाले. "एक नारळ पुरे."

"मग टाक्याचे काम आजच सुरू करू," उमाबाईसाहेब प्रसन्न होऊन म्हणाल्या. "नारळ तेवढा वर पोचेल ना?"

वस्तादांनी सरकारांकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

"सोलून द्यावा," ते म्हणाले.