चार दिवस आणि सहा गावं

मिरजेत तंबोरे करणारा एक कारागीर होता. नाव दस्तगीर. वाळलेल्या भोपळ्यावर टिचकी मारून सांगायचा, हा बोलेल, हा मुका राहील. गिऱ्हाइकाशीही तसाच सरळ. होय तर होय, नाही तर नाही.

पण घरचं माणूस समोर आलं, की त्याची जीभ टाळूला चिकटायची. बहीण म्हणाली बस, की बसला. मेहुणा म्हणाला ऊठ, की उठला.

एका हिवाळ्यात त्याच्या दुकानात परदेशी म्हातारा आला. बेप्पे त्याचं नाव. इटलीत क्रेमोना म्हणून जुनं गाव आहे, तिथं तो व्हायोलिन करायचा. त्या गावात चारशे वर्षांपासून हेच चाललंय, आपल्या मिरजेत तंबोरे होतात तसं. दोघांना एकमेकांची भाषा येईना. तरी दोन तास बसले. हा रंधा दाखवी, तो लाकडाचा वास घेई, आणि दोघंही हसत.

पुढं बेप्पेचा निरोप आला. लेक नसीमनं मोबाइलवर मराठी करून वाचून दाखवला. "मी त्र्याऐंशीचा झालो. या उन्हाळ्यात दुकान बंद करून लेकीकडे राहायला जाणार. त्याआधी ये. एक अख्खा दिवस माझ्या बाकावर बस. मी माझं काम दाखवतो, तू मला जवारी दाखव." तंबोऱ्याची घोडी बेतानं घासली की तार गुणगुणायला लागते, ती जवारी.

दस्तगीरनं डोळे पुसले. बायको जैतून म्हणाली, "जाऊया की. तीस वर्षं मी तरी भोपळ्यांपलीकडं काय बघितलंय?"

मृग लागायच्या आत परत यायला हवं होतं. ओल्या हवेत भोपळ्यांना बुरशी धरते. म्हणून मे महिन्यात, जाणं-येणं सोडून, चारच दिवस ठरले.

बातमी फुटली आणि माणसं यायला लागली.

थोरली बहीण मलिका चहा फुंकत म्हणाली, "एवढं लांब जाऊन रोम नाही बघितलंस, तर लोक काय म्हणतील?"

"बघतो, आपा."

मेहुणा रसूल म्हणाला, "तो झुकलेला मनोरा आहे ना, तिथं मनोऱ्याला हात लावल्यागत फोटो काढायचा. मी भिंतीवर लावणार."

"काढतो, भाई."

शेजारचे अप्पा माळी म्हणाले, "पाण्यातलं गाव सोडू नकोस हां. घरोघर नाव बांधलेली असते."

"नाही सोडत, अप्पा."

नसीम कागदावर लिहीत गेली. वाटेत पडतात म्हणून आणखी दोन गावं शिरली. चार दिवसांत सहा गावं झाली. क्रेमोनाच्या वाट्याला किती आलं? दोन गाड्यांच्या मधले दोन तास.

जैतूननं कागद ऐकला आणि विचारलं, "आणि जेवायचं कुठं? पळता पळता?"

"दशम्या घेऊ बरोबर."

"दशम्यांना गुडघे नसतात, मला आहेत. आणि तो म्हातारा? त्याला दोन तासांत काय दाखवणार, पाठ?"

दस्तगीर खाली बघत म्हणाला, "आपानं मला वाढवलंय. तिला नाही कसं म्हणू?"

शनिवारी तिकिटं पक्की व्हायची होती. एकदा झाली की बदल नाही. शुक्रवार उजाडला तरी दस्तगीरनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. हातातली कानस चालेना, ताटातली भाकरी तशीच राही.

त्या दिवशी दुपारी कुरुंदवाडचे एक गवईबुवा आपला तंबोरा न्यायला आले. छेडून बघितला, खूश झाले. मग म्हणाले, "उस्ताद, एवढं करा. तारा आठ बसवा. चार तारा मंचावर दिसत नाहीत. लोकांना भरगच्च लागतं."

"नाही," दस्तगीर म्हणाला.

"अहो, लोक विचारतात!"

"लोक तारा मोजायला येतात का गाणं ऐकायला? बुवा, ही दांडी चार तारांची. आठ ओढल्या तर वाकेल, मग एकही सुरात लागणार नाही. हवा तर असाच न्या, नाहीतर राहू द्या."

बुवा जरा फुगले. मग चहा पिऊन तंबोरा छातीशी धरून घेऊन गेले.

आतल्या दारात जैतून उभी होती. "परक्याला तोंडावर नाही म्हणालात. मेला का तो? उलट चहा पिऊन गेला."

दस्तगीरनं हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "नसीम, आपाला फोन लाव."

दस्तगीरनं फोन कानाला लावला. "आपा, रागावू नकोस. यंदा रोमला जाणार नाही. एकच गाव बघणार आहे."

 

"कुठलं रोम?" आपा म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, रोम बघ म्हणून?"

"या अल्ला, म्हणाले असेन. चहा पिताना माणूस काय काय बोलतं! तू जातोयस तरी कुठं?"

दस्तगीर जो हसायला लागला, तो हसतच राहिला. पंधरा दिवस ज्या धोंड्याखाली दबला होता, तो धोंडा ठेवणारीला आठवतही नव्हता.

अप्पा माळी म्हणाले, "बरं केलंस. पुतण्या सांगत होता, तिथं उन्हात रांगच रांग." रसूल मात्र रुसला. "मग फोटो कसला आणणार?" "बाकाचा." "बाकाचा!" म्हणून त्यानं फोन ठेवला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बॅग बांधायला दोरी घेऊन आपणहून आला.

नसीमनं जुना कागद फाडला. "पहिला दिवस बेप्पेकडं. बाकीचे तीन?"

जैतून म्हणाली, "लिहू नकोस काही. चौकात बसू. वाटलं तर उठू."

शनिवारी तिकिटं झाली, एकाच गावाची. त्या दुपारी दस्तगीर पोटभर जेवला आणि भोपळ्यांच्या राशीला टेकून घोरला.

मे महिन्यात दोघं गेली. बेप्पेच्या बाकावर दस्तगीर सकाळी बसला, तो दिवेलागणीलाच उठला. दस्तगीरनं बरोबर नेलेल्या छोट्या तंबोऱ्याला कान लावून म्हाताऱ्यानं जवारी ऐकली, आणि मग तो दस्तगीरचा हात सोडेना. दस्तगीरलाही कुठं जायची घाई नव्हती.

तात्पर्य: भीड ही भिकेची बहीण. आपल्या माणसांना हसून आणि वेळेवर नाही म्हणावं. माणसं बोलून विसरून जातात, आणि त्यांच्या बोलण्याखाली आपण उगाच दबून बसतो.