भिंतीपलीकडे पुरेल एवढा उजेड

यंत्रे माणसांच्या नकळत आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका रुग्णालयात संगणकांचे निरोप पुढे पोचवणारे दोन स्विच, एक प्रयोगशाळेचा आणि एक शस्त्रक्रियागृहाचा, भिंतीला भिंत लावून राहत. काचतंतूतून प्रकाशाने निरोप नेणारी त्यांची मॉड्यूलची जोडी एके दिवशी निकामी झाली आणि रक्ततपासणीचा अहवाल प्रयोगशाळेच्या बाजूलाच अडकला. पलीकडे रुग्ण टेबलावर होता.

प्रयोगशाळेच्या स्विचाने खणातल्या सुट्या जोड्यांमधून डोंगरापार प्रकाश फेकणारी जोडी निवडली. ती ऐटीत दोन्ही टोकांना जाऊन बसली. पण पलीकडे अक्षरही उमटेना.

"तुमचा शेजारी आंधळा दिसतो," अलीकडचे मॉड्यूल म्हणाले. "आणखी जोर लावू?"

स्विचाला मात्र कुतूहल वाटले. एक-दोन वाक्ये जेमतेम पेलणाऱ्या जुन्या तांब्याच्या तारेवरून त्याने विचारले, "भाऊराया, तुला दिसते तरी काय?"

"नुसता उजेड, दादा. डोळे इतके दिपलेत की त्यातले अक्षर लागत नाही."

खणाच्या तळाशी आखूड पल्ल्याची एक जोडी होती. स्विचाने तिला बोलावले.

"आमचा प्रकाश मंद आहे हो," ती संकोचली.

"बसा तर खऱ्या."

क्षणभरातच पलीकडून उत्तर आले, "सगळा अहवाल वाचला, दादा. रक्ताची पिशवी मागवली आहे."