मांडा आणि दोन कृष्णविवरं

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर इतका चिडला, की त्या भरात त्याच्या हातून कणीक मात्र झकास मळली गेली.

चिडायला कारणही होतं. टेकडीवरच्या त्या आश्रमात अवकाशाचे तरंग ऐकले जात. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत एकजीव झाली, की अवकाशच थरथरतं. ती थरथर टिपणारं यंत्र तिथे होतं. इतकं हळवं, की पायथ्याच्या गावात कुणी पापड मोडला तरी काटा हलायचा! तरंग जितका खर्जातला, तितकी विवरं भारी, हा तिथला पहिला पाठ. शिष्यानं नुकताच असा खर्ज ऐकला होता, की एवढी अवजड जोडी आजवर कुणालाच सापडली नसेल. आज सभेत तो ते जाहीर करणार होता. सभा भरत आली, आणि गुरुजी म्हणत होते, "आधी मांडे."

"अहो गुरुजी, लोक येऊन बसलेत! माझं नाव व्हायची वेळ, आणि मी पुरण भरत बसू?"

"बसू नकोस. उभ्यानं भर."

भरलेल्या उंड्यावर गुरुजींनी नखानं जवळजवळ रेघा ओढल्या आणि तो शिष्याच्या हातांवर ठेवला. "ताण आता."

दातओठ खात शिष्यानं ताणला. मांडा कोपरांपर्यंत पसरला.

"रेघा बघ."

"लांब लांब गेल्या."

"मी तर जवळ ओढल्या होत्या."

"मांडा ताणला ना मी! यात काय मोठं..." शिष्य थबकला.

"तुझा तरंग निघाला, तेव्हा विश्व असं उंड्यासारखं आटोपशीर होतं," गुरुजी म्हणाले. "वाटेत ते पसरलं, तसा तरंगही ताणला गेला. तो सगळा खर्ज विवरांचा नव्हे, काही प्रवासाचा आहे. तरंग किती क्षीण झालाय त्यावरून अंतर काढ, अंतरावरून ताण. दुरून आलेल्या गोष्टीतून वाटेचा ताण वजा करावा, मग वजन सांगावं."

"मग हे सरळ सांगायचं होतं!"

"सांगितलं होतं. तेव्हा तू सभेसाठी उपरणं निवडत होतास."

शिष्यानं मनात हिशेब केला. वजन निम्म्यावर आलं. हातांवर मांडा असल्यानं त्याला कपाळावर हातही मारता येईना.

मांडा खापरावर टाकून तो तसाच पिठाच्या हातांनी सभेत गेला. "मंडळी, ती विवरं वाटली तेवढी भारी नाहीत," तो म्हणाला. "पण त्यांची हाक किती दुरून आली, ते मला आत्ता कळलं. ऐका."

मागे गुरुजी निवांत मांडा खात बसले होते. शिष्याला, का कोण जाणे, त्यांचा राग आला नाही.