शीव चालणारा गोंदनाक

फार वर्षांपूर्वी, खैरवंग्याच्या गढीला मालकांचा तोटा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गढी देशमुखांनी बांधली आणि बांधता बांधता खालचं तळंही आपल्या शिवेत ओढून घेतलं. गावाला मग घरटी एक घागर. दुसरी मागितली तर दारावरचा शिपाई म्हणायचा, "तहान आवरायला शिका."

पुढे देशमुख सोंगट्यांच्या डावात गढी हरले. जिंकलेल्या सरदाराला तिथले डास मानवेनात, म्हणून त्याने ती जावयाला आंदण दिली. जावयाने सासऱ्यावरच्या रागाने विकून टाकली. गढी अशी हातोहात फिरली, पण तळं काही सुटेना.

गावची रीत अशी, की मालक बदलला की शीव नव्याने चालायची. चालणाऱ्याने डोक्यावर शिवेची माती घ्यायची, अनवाणी जायचं. माती उतरेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे फिरायचं नाही. त्याचे पाय जातील ती शीव, मग ती राजालाही मोडता येत नसे. हा मान गावची वेस राखणाऱ्या येसकराचा, गोंदनाकाचा. असं म्हणतात, गढीचे सगळे मालक त्याने एकट्याने पाहिले. काहीजण म्हणतात, आजा आणि नातू एकाच नावाचे होते. म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

तळं आणि गढीची भिंत यांच्यामधून बायांनी घागरी वाहून मळलेली मऊ पायवाट होती. गोंदनाक तिथून चालला असता, तर तळं गावाचं झालं असतं. पण दर वेळी मालकाचे भालेकरी त्या वाटेवर आडवे उभे. त्याला पलीकडच्या काठाने, बाभळीच्या रानातून जावं लागे. माती उतरवली की तो ढसाढसा रडे. "माझ्याच पायांनी तुमचं पानी तोडतुया, बायांनो." पायांना मात्र काही होत नसे. असं म्हणतात, त्याच्या पायात काटा गेला की काटाच ओरडायचा.

शेवटी गढी घेतली माकफी साहेबाने. स्कॉटलंडातला त्याच्या आजोबांचा किल्ला चुलत्यांनी विकून खाल्ला होता, म्हणून त्याला इथे तसाच किल्ला हवा होता. सणावाराला तो चौकड्यांचा घागरा नेसायचा. गाव आधी हसलं, मग वारा सुटला तरी तो डगमगत नाही हे पाहून त्याला मानू लागलं. त्याने भालेकरी ठेवले नाहीत, कारण त्याचा भालेकऱ्यांवरही विश्वास नव्हता. शीव चालायच्या दिवशी घागरा नेसून आला आणि म्हणाला, "म्हातारा लबाड आहे. माती हम घेणार!"

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. मालकच चालला तर तळं कायमचं गेलं. "साहेब, अशी रीत न्हाई," ते काकुळतीने म्हणाले.

"मालकानं चालू नये, असं रीतीत कुठं हाय, पाटील?" गोंदनाक म्हणाला. "साहेब, जोडं काढा."

साहेबाने त्याला बाभळीतून गुरं हाकताना पाहिलं होतं, गालिच्यावरून चालावं तसं. त्याने हसत जोडे काढले, मोजेही काढले.

तळ्याच्या टोकाशी वाट फुटत होती. साहेब पलीकडच्या काठाकडे वळला. पहिल्या पावलाला त्याचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या पावलाला घागरा बाभळीत अडकला. ओरडायची सोय नव्हती, मागे फिरायची नव्हती. सगळं गाव बघत होतं. साहेब एका पायावर उभा राहिला. बराच वेळ विचार केला. मग बाजूच्या मऊ पायवाटेवर उतरला आणि भिंतीला खांदा घासत पार निघून गेला. असं म्हणतात, तळ्याने चार बोटं पुढे येऊन त्याचे तळवे धुतले.

माती उतरवल्यावर साहेब जो पहिला शब्द बोलला, त्याची भाषा कुणाला आली नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. तरी गडी वचनाचा पक्का. शीव त्याने मोडली नाही.

ज्या तळ्याला गोंदनाकाला कधी हात लावू दिला गेला नव्हता, त्याची पहिली घागर पाटलांनी त्याच्याच हाती दिली. तो काळ आठवा, म्हणजे हे केवढं होतं ते कळेल. दुसरी घागर त्याने साहेबाच्या दारात नेऊन ठेवली.

आजही चैत्रात पहिली घागर गोंदनाकाच्या घरचे भरतात, मग गाव. गढीत आता हॉटेल झालंय. नव्या मालकांनी तळं मागितलं, तेव्हा सरपंचबाईंनी मातीची पाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "चाला की." पलीकडच्या काठाला बाभळी कमी पडू नयेत, म्हणून गाव दर पावसाळ्यात बी टाकतं. मालक पाटीकडे बघतात, बाभळींकडे बघतात. अजून कुणी जोडे काढलेले नाहीत.