वाघाची मान्यता

शिरसवाडी संस्थानचे दिवाण दाजीसाहेब यांचा एक हट्ट होता. नक्कल बरोबर आहे, असं खुद्द अस्सलाने सांगितल्याशिवाय ते ती मान्य करत नसत. घरच्या आरशावरही त्यांचा भरवसा नव्हता.

राजेसाहेबांच्या हुकमावरून भिवा चिताऱ्याने पेन्सिलीने वाघ काढला. फाटका कान, मिशीचा केस न् केस आणि पाणी पिऊन ओली झालेली हनुवटी इतकी जिवंत उतरली होती की पहारेकरीही चित्राला वळसा घालून जात.

दाजीसाहेब मात्र म्हणाले, "वाघ असाच दिसतो, याला आधार काय? वाघाची मान्यता आण. नाहीतर संस्थानातून चालता हो."

दिवाणांपुढे राजेसाहेबांचंही काही चालत नसे. भिवा चित्र काखोटीला मारून रानात गेला आणि दुसऱ्या दिवशी दरबारात हजर झाला.

"वाघ भेटला?"

"भेटला जी. अगदी आपल्यासारखा शिस्तीचा आहे. म्हणाला, असे दिवाण खरंच आहेत, याला आधार काय? म्हणून मी तिथंच बसून आपलं चित्र काढलं."

भिवाने दुसरा कागद उलगडला. त्यात दाजीसाहेबांच्या नाकावरचा मससुद्धा होता.

"हुबेहूब," दाजीसाहेब खुलले. "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, चित्र झकास आहे, पण अस्सल पाहिल्याशिवाय मान्य करणार नाही. ओढ्याकाठी आपली वाट बघत बसलाय. कालपासून उपाशी आहे बिचारा."

दाजीसाहेबांनी वाघाचं चित्र पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

"लावा भिंतीवर," ते घाईघाईने म्हणाले. "या वाघाला मी लहानपणापासून ओळखतो."